समेवर यायचंच: घरी बनवलेल्या ताल-यंत्रात ठोक्याची वेळ कशी सांभाळायची



हे व्याख्यान आम्ही आधी अमरावतीला दिलं, मग अकोल्याला. दोन्हीकडे श्रोते मिश्र होते. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकची मुलं होती, तबला शिकणारे होते, भजनी मंडळात बसणारे होते, आणि रविवारी सोल्डरिंगची इस्त्री तापवून बसणारे हौशीही होते. दोन्ही ठिकाणचे प्रश्न एकत्र करून हा मजकूर तयार केला आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय.

विषय असा. मायक्रोकंट्रोलर वापरून घरीच एक छोटा स्टेप सिक्वेन्सर बनवायचा, म्हणजे ठरवून दिलेले ठोके ओळीनं, पुन्हा पुन्हा वाजवणारा डबा. त्याचा प्रोग्राम असा लिहायचा, की ठोका जिथे पडायला पाहिजे तिथेच पडेल.

हे काहून महत्त्वाचं, ते आधी सांगतो. वऱ्हाडात लय ही काही परकी गोष्ट नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि मोझरीच्या गुरुकुंजापासून गावोगावी भजन पोचवलं. आजही आपल्याकडे खंजिरी भजनाची मंडळं आहेत. पण एकट्यानं रियाज करायचा तर साथ कोण देणार? तालुक्याच्या गावी प्रत्येक शिकणाऱ्याला तबलजी मिळत नाही. मग मुलगी मोबाइलवर नाहीतर एखाद्या डब्यावर ठेका लावून गाते. म्हणजे त्या वेळी तिच्या लयीचा गुरू तो डबाच असतो. डबा हळूहळू मागे सरकत असेल, तर तीही सरकायला शिकते, आणि तिला ते कळतही नाही. मंडळात बसल्यावर मात्र बाकीच्यांना कळतं. म्हणून या विषयात थोडं काटेकोर व्हायला पाहिजे.

डबा काय करतो

स्टेप सिक्वेन्सर म्हणजे एका ओळीतले खण. प्रत्येक खण ही एक पायरी. खणात ठोका आहे किंवा नाही. यंत्र पहिल्या खणापासून सुरुवात करतं, ठरलेल्या गतीनं पुढे जातं, शेवटाला पोचलं की परत पहिल्यावर येतं. तबलजींना हे सांगायची गरजच नाही. आवर्तन म्हणजे तेच, आणि पहिला खण म्हणजे सम.

जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे यंत्र १९८० साली आलं. त्याच्या पुढच्या बाजूला सोळा बटणं एका रांगेत होती. आपल्या तीनतालाच्या मात्राही सोळाच. हा योगायोग, पण कामाचा. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी हेच ८०८, सोबत टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. यंत्राच्या ठेक्यावर राग, असा तो प्रयोग. तेव्हा वाद्यांना जोडणारी मिडी पद्धत अजून बाजारात यायची होती. रोलँडची यंत्रं एका तारेवरून एकमेकांना ठोके पाठवत, एका मात्रेला चोवीस. हा चोवीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपला डबा साधा आहे. एक अर्दुइनो ऊनो, म्हणजे एटीमेगा ३२८पी ही चिप, सेकंदाला एक कोटी साठ लाख टिकटिक करणारी. काही बटणं, काही एलईडी, लय कमी-जास्त करायला एक फिरवायची कळ, आणि आवाजासाठी एखादं सर्किट किंवा मिडीची तार. लय आपण मिनिटाला किती मात्रा अशी मोजू. एका मात्रेत चार पायऱ्या धरू.

तीन वेगळे रोग

"वेळ चुकते" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

पहिला विलंब. प्रत्येक ठोका सारख्याच फरकानं उशिरा येतो. हा फारसा त्रासदायक नाही. मंडपात तुम्ही तबल्यापासून दहा मीटरवर बसलात, तर आवाज तुमच्यापर्यंत पोचायला साधारण २८-२९ मिलिसेकंद लागतात. तरी तुम्ही टाळी बरोबर धरता, कारण उशीर प्रत्येक वेळी तेवढाच असतो.

दुसरा डळमळ. एक ठोका पाच मिलिसेकंद उशिरा, पुढचा वेळेवर, तिसरा बारा मिलिसेकंद उशिरा. सरासरी लय ठीक असते, पण ठेका विस्कटलेला वाटतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही.

तिसरा घसरण. प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा किंचित जास्त मागे. एकेका ठोक्याला फरक जाणवत नाही, पण तो साठत जातो. रियाजाला सगळ्यात घातक हाच, आणि प्रोग्रामच्या एका ओळीवरून तो येतो किंवा जातो. आधी त्यालाच धरू.

घटिकापात्राची अडचण

नवखा माणूस पहिला प्रोग्राम लिहितो तो असा: ठोका वाजव, १२५ मिलिसेकंद थांब, पुढच्या पायरीवर जा, पुन्हा ठोका वाजव. थांबण्यासाठी 'डिले' हे फंक्शन तयारच असतं. मिनिटाला १२० मात्रा म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १२५. गणित बरोबर आहे.

तरी लय चुकते. आपल्याकडे पूर्वी घटिकापात्र असायचं. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडायला एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं लागायची. दिवसाच्या साठ घटिका. वाटी बुडाली की राखणदार ती काढणार, रिकामी करणार, पुन्हा सोडणार. या उचलठेवीत पाच सेकंद गेले, तर ते कोणत्याच घटिकेत मोजले जात नाहीत. दिवसभरात साठ वेळा पाच सेकंद, म्हणजे पाच मिनिटांची तूट. वाटी चांगलीच आहे, भोकही बरोबर आहे. तूट दोन वाट्यांच्या मधल्या कामात आहे.

'डिले'चं तेच होतं. थांबणं १२५ मिलिसेकंदांचंच, पण त्याच्याआधी ठोका वाजवायला, बटणं बघायला, एलईडी लावायला समजा ३ मिलिसेकंद गेले. पायरी झाली १२८ ची. एका मिनिटात ४८० पायऱ्या, प्रत्येकीला ३, म्हणजे मिनिटाला जवळजवळ दीड सेकंदाची तूट. कळ १२० वर असताना डबा ११७ च्या आसपास वाजतो. आणखी वाईट म्हणजे बटण दाबलं की काम वाढतं, मग लय आणखी उतरते. म्हणजे घसरणही आणि डळमळही.

काही जण म्हणतात, "मग १२५ ऐवजी १२२ लिहू." हे औषध एका दिवसापुरतं आहे. उद्या प्रोग्राममध्ये एक ओळ वाढली की आकडा परत चुकला.

वेळापत्रकानं चला

औषध असं आहे: थांबायचंच नाही. चिपमध्ये एक घड्याळ सतत चालू असतं. 'मिलिस' विचारलं की सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते कळतं, 'मायक्रोज' विचारलं की मायक्रोसेकंद कळतात. प्रोग्रामनं गोल गोल फिरत राहायचं आणि प्रत्येक फेरीत विचारायचं: ठोक्याची वेळ झाली का? नसेल तर बटणं बघा, एलईडी लावा, पुन्हा या.

मराठीत लिहिलं तर असं:

जर (आत्ता − मागची_वेळ) हे पायरीइतकं किंवा जास्त असेल, तर
ठोका वाजव;
मागची_वेळ = मागची_वेळ + पायरी.

शेवटची ओळ नीट बघा, राजेहो. आजचं सगळं व्याख्यान त्या ओळीत आहे. अनेक जण तिथे 'मागची_वेळ = आत्ता' असं लिहितात. दिसायला दोन्ही सारख्याच वाटतात. पण फेरी समजा २ मिलिसेकंद उशिरा पोचली, तर 'आत्ता' मध्ये तो उशीर धरलेला असतो, आणि पुढची पायरी त्या उशिरापासून मोजली जाते. घटिकापात्र परत आलं. 'मागची_वेळ + पायरी' लिहिलं तर पुढची पायरी मोजली जाते ती ठोका जिथे पडायला हवा होता तिथून. तो खरोखर कधी पडला, याच्याशी तिचा संबंध नाही. एक ठोका उशिरा पडला तरी पुढचा आपल्या जागेवरच पडेल.

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. मधे मूर्तिजापूर. नियम असा केला, की प्रत्येक स्टेशनवर पोचल्यावर तिथून अमुक मिनिटांनी पुढचं स्टेशन गाठायचं, तर बडनेऱ्याचा उशीर अकोल्यापर्यंत सोबत येणार, वाटेत वाढतही जाणार. पण प्रत्येक स्टेशनची वेळ आधीच छापलेली असेल, तर मूर्तिजापूरला झालेला उशीर अकोल्यापर्यंत भरून काढता येतो. ठोक्यांना असं छापील वेळापत्रक द्या.

उरलेली बाकी आणि अधिक मास

आता लय १४० ला घेऊ. ६०,००० भागिले १४०, भागिले ४. उत्तर १०७.१४२८... मिलिसेकंद. चिपला पूर्णांक आवडतात, ती १०७ धरते आणि पुढचं टाकून देते. तूट एका पायरीला ०.१४ मिलिसेकंद, कोणाला ऐकू येणार? पण मिनिटाला ५६० पायऱ्या आहेत. मिनिटात ८० मिलिसेकंद, दहा मिनिटांत ८०० मिलिसेकंद. या लयीत एक मात्रा साधारण ४२९ मिलिसेकंदांची असते. म्हणजे दहा मिनिटांत डबा जवळपास दोन मात्रा पुढे पळाला.

मिलिसेकंद सोडून मायक्रोसेकंदात मोजलं तर बरंचसं भागतं. पायरी १,०७,१४२ मायक्रोसेकंदांची होते आणि दहा मिनिटांची चूक पाच मिलिसेकंदांच्या आत येते. शिवाय ऊनोच्या 'मिलिस'मध्ये एक गोम आहे. त्याच्या मागचा टायमर १.०२४ मिलिसेकंदांनी एकदा फिरतो, म्हणून ते मधूनमधून एकदम दोननं उडी मारतं. 'मायक्रोज' चार मायक्रोसेकंदांपर्यंत बारीक दाखवतं.

पण बाकी टाकूनच का द्यायची? आपल्या पंचांगानं हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक. तो फेकून देत नाहीत, साठवतात, आणि साधारण तीन वर्षांनी अधिक मास घालून हिशोब पुरा करतात. म्हणून दिवाळी पावसाळ्यात सरकत नाही.

प्रोग्राममध्ये तसंच करा. सहा कोटी भागिले ५६०, भागाकार १,०७,१४२ आणि बाकी ४८०. प्रत्येक पायरीला ही ४८० एका खात्यात जमा करा. खातं ५६० किंवा त्याच्या वर गेलं की त्या पायरीला एक मायक्रोसेकंद जादा द्या आणि खात्यातून ५६० वजा करा. सात पायऱ्यांपैकी सहांना जादा मायक्रोसेकंद मिळतो, आणि सातांची बेरीज बरोब्बर ७,५०,००० येते. गणितातली घसरण शून्य.

भागाकारच नको असेल तर

अकोल्याला एका ताईंनी विचारलं, "ठेका चालू असताना लयीची कळ फिरवली तर हे खातं गडबडणार नाही का?" प्रश्न नेमका आहे. पायरीच्या मधेच लय बदलली, तर जुनी बाकी नव्या लयीला लागू नसते. त्यासाठी दुसरी रीत जास्त सोपी आहे.

एक भांडं कल्पा. प्रत्येक फेरीत बघायचं, मागच्या फेरीपासून किती मायक्रोसेकंद गेले. त्याला लयीच्या आकड्यानं गुणायचं आणि भांड्यात ओतायचं. भांड्याचं माप दीड कोटी. भरलं की पायरी झाली. ठोका वाजवा आणि भांड्यातून दीड कोटी वजा करा. भांडं रिकामं करायचं नाही, फक्त वजा करायचं. वर सांडलेलं पुढच्या पायरीच्या खात्यात राहतं. हे दीड कोटी आले कुठून? मिनिटाचे सहा कोटी मायक्रोसेकंद, भागिले चार पायऱ्या.

इथे भागाकार नाही, बाकी नाही. लय १२० ची १४० केली, तर त्या क्षणापासून धार जाड होते, आधी भरलेलं पाणी तसंच राहतं. गायिका हळूहळू लय चढवते तशीच ही लय सरळ चढते, धक्का बसत नाही.

पडदा नावाचा चोर

आता डळमळीकडे येऊ. डब्याला छोटा ओलेड पडदा लावायची हौस सगळ्यांना असते. १२८ गुणिले ६४ ठिपके, म्हणजे १,०२४ बाइट. आय-टू-सी तारेवर एका बाइटला नऊ ठोके लागतात. तार सेकंदाला एक लाख ठोक्यांनी चालली, तर पूर्ण पडदा रंगवायला किमान ९२ मिलिसेकंद जातात. चार लाखांनी चालली तरी २३. तेवढा वेळ प्रोग्राम पडद्यातच अडकलेला असतो. १४० लयीची पायरी आहे १०७ मिलिसेकंदांची. म्हणजे ठोका जवळपास एक पायरी उशिरा पडू शकतो. वेळापत्रकामुळे पुढचा ठोका सावरेल, पण हा एक वाकडाच गेला.

बटणांचंही तसंच. बटण दाबताना आतले पत्रे थरथरतात, एक दाबणं पाच-सहा वेळा दिसतं. त्यावर उपाय म्हणून बरेच जण '५० मिलिसेकंद थांब' असं लिहितात. झालं, 'डिले' मागच्या दारानं परत आला. थांबू नका. दाबल्याची वेळ नोंदवा आणि तेवढा वेळ जाईपर्यंत त्या बटणाकडे दुर्लक्ष करा.

पडद्यासाठी दोन उपाय. पहिला: पूर्ण पडदा कधीच रंगवू नका, बदललेला आकडा तेवढाच रंगवा, तोही तुकड्या-तुकड्यानं. दुसरा, जास्त पक्का: ठोक्याचं काम टायमर इंटरप्टकडे द्या. चिपमधला टायमर १ सांगितलेल्या वेळी मुख्य प्रोग्रामला मधेच थांबवतो, आपलं छोटं काम करतो आणि परत सोडतो. सोळा मेगाहर्ट्झला ६४ नं भागलं आणि २५० पर्यंत मोजलं की बरोब्बर एक मिलिसेकंद होतो. मग भांड्यात दर वेळी १,००० गुणिले लय एवढं ओतायचं. ठोक्याची जागा एका मिलिसेकंदाच्या आत राहते, आणि सांडलेलं पुढे जात असल्यामुळे घसरण होत नाही.

तीन पथ्यं पाळा. इंटरप्टमध्ये फक्त ठोका उडवा. छापणं, पडदा, लांब हिशोब तिथे नको. तिथे नुसती खूण करून ठोका मुख्य फेरीवर सोपवला तर उपयोग नाही, कारण मुख्य फेरी पडद्यातच अडकलेली असते. आणि दोन्हीकडे वापरायचा आकडा 'व्होलटाइल' म्हणून जाहीर करा. तो मोठा असेल तर वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवा. ही चिप आठ बिटांची आहे, चार बाइटांचा आकडा ती चार घासांत वाचते. मधेच इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो.

पायरी चुकलीच तर

समजा काही कारणानं दोन पायऱ्यांइतका वेळ अडकून गेला. मग काय करायचं? चुकलेले दोन ठोके धडाधड एकापाठोपाठ वाजवायचे? कानाला ते भयंकर लागतं. मोजणी तिथूनच पुढे न्यायची, जणू काही झालंच नाही? मग सम सरकली.

तबलजी काय करतो ते आठवा. एखादा बोल हातून सुटला तर तो परत मागे जाऊन वाजवत नाही. बोल गेला तर गेला, मात्रा मनात चालू असते आणि तो समेवर बरोबर येतो. प्रोग्रामलाही तेच सांगा: ठोका गाळला तरी चालेल, मोजणी गाळू नका. भांड्यातून दीड कोटी जितक्या वेळा निघतील तितक्या पायऱ्या पुढे जा, पण आवाज फक्त शेवटच्या पायरीचा काढा.

सोळाच खण का?

बाहेरच्या बहुतेक यंत्रांत सोळा खण पक्के असतात. आपल्याला ते पुरत नाही. दादरा सहा मात्रांचा, रूपक सातचा, केरवा आठचा, झपताल दहाचा, एकताल बाराचा. म्हणून खणांची संख्या कळीनं बदलता यायला हवी. त्यासोबत विभागही नोंदवा. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन, रूपकाचे तीन-दोन-दोन. त्याप्रमाणे समेचा एलईडी एका रंगाचा, खालीचा दुसऱ्या रंगाचा ठेवा. गाणाऱ्याला डोळ्यांनीही जागा कळते.

आता तो चोवीसचा आकडा. मिडीतही एका मात्रेला चोवीसच ठोके असतात. चोवीसला दोन, तीन, चार, सहा, आठनं भाग जातो, म्हणून दुगुण, तिगुण, चौगुण सहज होते. दोन मात्रांत तीन ठोक्यांची आड लयही जमते: अठ्ठेचाळीस भागिले तीन, सोळा. पण कुआड म्हणजे चारात पाच. शहाण्णव भागिले पाच, १९.२. बिआड म्हणजे चारात सात. तिथेही भाग जात नाही. म्हणजे चोवीसच्या जाळीत आपली अर्धी लयकारी बसतच नाही.

मात्रेचे ८४० भाग केले तर पाच आणि सात दोन्ही बसतात. पण त्याहून साधं म्हणजे जाळीच सोडा. चार मात्रांचं एक मोठं भांडं धरा, माप चोवीस कोटी. सातातला तिसरा ठोका वाजेल तो पाणी चोवीस कोटीच्या दोन-सप्तमांशावर आल्यावर, चौथा तीन-सप्तमांशावर. प्रत्येक ठोका भांड्याच्या तळापासून मोजा, आधीच्या ठोक्यापासून नको. भागाकारात थोडी बाकी राहिली तरी ती त्या एका ठोक्यापुरतीच, पुढे साठत नाही. वेळापत्रकाचाच नियम हा, फक्त आत आणखी बारीक लावलाय.

झुलती चाल आणि ठोक्याची लांबी

अमरावतीला भजनी मंडळातल्या एका काकांनी हरकत घेतली: "तुमचा डबा इतका सरळ वाजला तं त्यात जीव कुठं राहीन?" बरोबर आहे. खंजिरीवरचा केरवा कोणी फूटपट्टीनं वाजवत नाही. जोडीतला दुसरा ठोका किंचित मागे ओढला की चाल झुलते. यंत्रवाले त्याला स्विंग म्हणतात.

१२० लयीत दोन पायऱ्यांची जोडी २५० मिलिसेकंदांची. सरळ चालीत ती १२५ आणि १२५. पूर्ण झुलवली तर साधारण १६७ आणि ८३. मधली कुठलीही जागा कळीनं निवडता येऊ द्या. पण इथेही तोच नियम: जोडीची सुरुवात वेळापत्रकावरच, फक्त दुसऱ्या ठोक्याची जागा त्या जोडीच्या आत सरकवा. मुद्दाम ओढलेला ठोका म्हणजे चाल. तो ओढलेला वेळ पुढच्या जोडीत गेला, तर तीच घसरण. माणसाच्या वाजवण्यातही हाच फरक आहे. चांगला वादक मधे खेळतो आणि समेला घरी येतो.

ठोक्याची लांबीही अशीच. मिडीवर ठोका सुरू करायचा संदेश वेगळा, बंद करायचा वेगळा. सुरू केला, ६० मिलिसेकंद थांबलो, बंद केला, असं लिहू नका. बंद करायची वेळ नोंदवून ठेवा आणि फेरीत तपासा. मिडीची तार सेकंदाला ३१,२५० बिटांनी चालते. तीन बाइटांच्या एका संदेशाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. एकाच पायरीवर चार आवाज असतील, तर चौथा तीन मिलिसेकंद मागून निघतो. म्हणून कानाला जास्त लागणारा आवाज, बहुतेक डग्ग्याचा, आधी पाठवा.

अकोल्याचा उन्हाळा

चिपचं घड्याळ स्वतः किती खरं? ऊनोवरच्या चिपला बहुधा सिरॅमिक रेझोनेटर असतो, चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत. एकट्या गाणाऱ्याला १२० आणि १२०.६ मधला फरक कळत नाही. पण दोन डबे वेगवेगळे चालवले आणि त्यांच्यात अर्धा टक्का फरक असला, तर एका मिनिटात ते ३०० मिलिसेकंदांनी फाकतात, अर्ध्या मात्रेहून जास्त. म्हणून दोन डब्यांत एकच मुख्य ठेवा. दुसऱ्यानं त्याच्या तारेवरचे ठोके ऐकून चालायचं. मंडळात खंजिरीच्या मागे टाळ जातो तसं.

पैसे वाचवायला काही जण एटीटायनी ८५ घेतात आणि तिचं आतलं घड्याळ वापरतात. कारखान्यातून येताना त्याची चूक दहा टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि ते तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे सरकतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, डबा टिनाच्या खोलीत, बॅटरी अर्धी उतरलेली. अशा वेळी ते घड्याळ ताल-यंत्राला नको. काही रुपयांचा क्वार्ट्झ क्रिस्टल लावा. चूक लाखात काही भागांवर येते.

एक प्रश्न दोन्हीकडे आला: 'मायक्रोज'चा आकडा भरून परत शून्यावर येतो, मग ठेका बंद पडेल का? तो साधारण ७१ मिनिटांनी फिरतो, 'मिलिस' जवळपास ५० दिवसांनी. रात्रभराच्या भजनात ७१ मिनिटं अनेकदा होणार. घाबरू नका. भिंतीवरच्या घड्याळात अकरानंतर दोन वाजले तर आपण तीन तास झाले असंच म्हणतो. बिनचिन्हाच्या आकड्यांची वजाबाकी चिपही तशीच करते. अट एकच: 'आत्ता − मागची_वेळ' असंच लिहा. 'आत्ता हा पुढच्या_वेळेपेक्षा मोठा आहे का' असं लिहिलं, तर शून्य ओलांडताना ठेका कोलमडतो.

तपासायचं कसं

कानावर विसंबू नका. आपला कान सरकत्या लयीसोबत सरकतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप. डबा १२० वर लावून मोबाइलवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडा आणि पहिला ठोका आणि बाराशेएकावा ठोका यांच्यातलं अंतर बघा. ते बरोबर ६०० सेकंद यायला हवं. काही सेकंद चुकलं तर घड्याळ किंवा बाकीचा हिशोब बघा. मग दुसरं रेकॉर्डिंग करा: या वेळी बटणं दाबत राहा, पडदा बदलत राहा. शेजारच्या ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त दिसलं, तर मधे कुठेतरी कोणीतरी थांबतंय. तो 'थांब' शोधा. तिसरी तपासणी मे महिन्यातल्या दुपारी करा.

शेवटी एका विद्यार्थ्यानं विचारलं, "एवढं सगळं करण्यापेक्षा तयार यंत्र का घेऊ नये?" घ्या की. बाजारात चांगले इलेक्ट्रॉनिक तबले आहेत. पण ते महाग पडतात, आणि तुमच्या मंडळाची चाल, तुमच्या गुरुजींचा ठेका त्यात असेलच असं नाही. घरचा डबा तुमचा ठेका वाजवतो. त्यानं तो खरा वाजवावा एवढीच अट, कारण त्याच्यासमोर बसून कोणीतरी शिकणार आहे.

पुढच्या वेळी आम्ही खंजिरीचा आवाज रेकॉर्ड करून तो चिपच्या स्मृतीत कसा बसवायचा, ते बोलू. येताना आपापलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन या, तिथेच मोजून बघू.